शक्यता सांगताना ‘कॅन’, ‘मे’, ‘माइट’ की ‘कुड’? आणि इंग्रजी शब्दातील आघात कसा ओळखावा?

प्रश्न — नवशिकी

सर्वांना नमस्कार. इंग्रजी वाचून समजण्यात मला फारशी अडचण येत नाही. परंतु गेल्या काही महिन्यांपासून कामानिमित्त परभाषी सहकाऱ्यांशी रोज दूरध्वनीवर इंग्रजीतून बोलावे लागते आणि त्यात मी दोन ठिकाणी वारंवार अडखळते. दोन्ही ठिकाणची उदाहरणे सांगते, म्हणजे माझी चूक नेमकी कोठे होते आहे ते आपल्याला ओळखता येईल.

एकदा मला ‘उद्याची बैठक उशिरा सुरू होऊ शकते’ असे सांगायचे होते, म्हणून मी ‘द मीटिंग कॅन स्टार्ट लेट टुमॉरो’ असे म्हटले. मला केवळ तशी शंका वाटत होती. ऐकणाऱ्याने मात्र असा अर्थ घेतला की, बैठक उशिरा सुरू केली तरी चालेल अशी मुभा मी देत आहे, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच उशिरा आला. त्यानंतर मी पुस्तकात पाहिले, तर तेथे ‘मे’ म्हणजे पन्नास टक्के आणि ‘माइट’ म्हणजे तीस टक्के शक्यता असा तक्ता होता. बोलण्याच्या ओघात अशी टक्केवारी कोणी कशी मोजावी, हे मला उमगले नाही.

दुसरा प्रसंग उच्चाराचा आहे. ‘आय कॅन सेंड इट टुडे’ हे वाक्य मी मुद्दाम सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून उच्चारले, तरीही अमेरिकी सहकाऱ्याने ‘पाठवू शकत नाही’ असेच ऐकले. मी जितके स्पष्ट बोलत गेले तितका गैरसमज वाढत गेला. याच सहकाऱ्याला माझा ‘डिव्हेलप’ हा शब्दही कळत नाही, कारण मी पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्यावर, जोर देते असे तो म्हणतो. आघाताचे काही नियम आहेत का, की प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो? आणि या दोन अडचणींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

उत्तर — व्याकरणप्रेमी

आपला प्रश्न अतिशय नेमका आहे. मी पहिल्या भागाविषयी लिहितो. उच्चाराविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारी मंडळी येथे आहेत.

बैठकीच्या वाक्यातील गोंधळाचे मूळ आपल्या ‘शकणे’ या क्रियापदात आहे. ‘ती पोहू शकते’ यात क्षमता आहे, ‘आपण आता जाऊ शकता’ यात परवानगी आहे आणि ‘उद्या पाऊस पडू शकतो’ यात शक्यता आहे. मराठीत तिन्ही कामे एकच क्रियापद करते. इंग्रजी ‘कॅन’ पहिली दोन कामे तशीच करते, म्हणून तिसरेही करील असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ‘कॅन’ने सांगितलेली शक्यता ही सर्वसाधारण स्वरूपाची असते, म्हणजे एखादी गोष्ट अधूनमधून घडते एवढेच ते सांगते. ‘विंटर नाइट्स कॅन बी व्हेरी कोल्ड’ हे वाक्य बरोबर आहे, कारण हिवाळ्यातल्या काही रात्री फार थंड असतात असा त्याचा आशय आहे. उद्याची एक विशिष्ट रात्र थंड असेल की नाही याविषयी बोलायचे असेल, तर मात्र ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ यांच्याकडेच वळावे लागते.

यासाठी मी स्वतः एक साधी कसोटी वापरतो. मनातल्या मराठी वाक्यात ‘शकते’ काढून ‘कधी कधी’ घालून पाहावे आणि नंतर ‘कदाचित’ घालून पाहावे. ‘हिवाळ्यात रात्री कधी कधी फार थंड असतात’ हे जुळते, तेथे ‘कॅन’ चालते. ‘उद्याची बैठक कधी कधी उशिरा सुरू होते’ हे वाक्यच होत नाही. ‘उद्याची बैठक कदाचित उशिरा सुरू होईल’ हे होते. म्हणून तेथे ‘द मीटिंग माइट स्टार्ट लेट’ असेच म्हणायला हवे होते.

टक्केवारीचा तक्ता मनातून काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. ‘माइट’ हे मुळात ‘मे’चे भूतकाळी रूप आहे आणि ‘कुड’ हे ‘कॅन’चे, इंग्रजीत भूतकाळी रूप वापरले की वक्ता विधानापासून थोडा दूर उभा राहतो, त्यामुळे ‘माइट’मध्ये शक्यता किंचित दुरावल्यासारखी वाटते. हा फरक पुष्कळ वक्त्यांच्या बोलण्यात आता जवळजवळ उरलेला नाही. व्यवहारात अधिक महत्त्वाचा भेद वेगळाच आहे: ‘मे’ परवानगीचाही अर्थ देते. ‘यू मे लीव्ह अर्ली’ हे वाक्य ऐकणारा लवकर जाण्याची मुभा मिळाली असे समजू शकतो. म्हणून दूरध्वनीवर बोलताना शक्यतेसाठी ‘माइट’ वापरावे आणि ‘मे’ प्रामुख्याने औपचारिक लेखनासाठी राखून ठेवावे, असे मी सुचवतो.

खरी कसोटी नकारात लागते, आणि येथे मराठी आपल्याला फार चांगली साथ देते. ‘तो घरी नसू शकेल’ आणि ‘तो घरी असू शकत नाही’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात नकार असण्याला लागला आहे, म्हणजे तो नसण्याची शक्यता आहे. दुसऱ्यात नकार शक्यतेलाच लागला आहे, म्हणजे तो असणे अशक्य आहे. इंग्रजीत पहिल्या अर्थासाठी ‘ही मे नॉट बी अ‍ॅट होम’ किंवा ‘ही माइट नॉट बी अ‍ॅट होम’ असे म्हणतात. दुसऱ्या अर्थासाठी ‘ही कान्ट बी अ‍ॅट होम’ किंवा ‘ही कुडन्ट बी अ‍ॅट होम’. याचा अर्थ असा की, होकारात ‘माइट’ आणि ‘कुड’ एकमेकांच्या जागी बसतात, पण नकार येताच ती एकमेकांपासून पार दूर जातात. ‘द रिपोर्ट माइट नॉट बी करेक्ट’ ही सौम्य शंका आहे. ‘द रिपोर्ट कुडन्ट बी करेक्ट’ म्हटले की अहवाल तयार करणाऱ्याला राग येण्याची वेळ येते. इंग्रजी वाक्य बोलण्यापूर्वी मनात ‘नसू शकेल’ आहे की ‘असू शकत नाही’ आहे, एवढे जरी पाहिले तरी निम्म्याहून अधिक चुका टळतात.

खात्रीच्या अनुमानासाठी ‘मस्ट’ आहे. खिडकीतून उजेड दिसतो आहे, म्हणजे तो घरी असणारच, या अर्थाने ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’. आपले ‘असावा’ हे याहून थोडे मऊ आहे, हे ध्यानात असू द्यावे. या ‘मस्ट’च्या विरुद्ध अर्थासाठी ‘कान्ट’ वापरतात. अमेरिकी बोलण्यात ‘मस्ट नॉट बी’ असे सुटे रूप अनुमानासाठी ऐकू येते, परंतु ‘मस्टन्ट’ हे जोडरूप सामान्यतः मनाई सांगते. राहता राहिला प्रश्नार्थक वाक्यांचा मुद्दा: शक्यता विचारताना ‘मे’ने प्रश्न सुरू करत नाहीत. ‘तो घरी असेल का?’ यासाठी ‘कुड ही बी अ‍ॅट होम?’ किंवा ‘डू यू थिंक ही माइट बी अ‍ॅट होम?’ असे विचारावे.

उत्तर — ध्वनिअभ्यासक

आपल्या दोन्ही अडचणींचा संबंध आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘कॅन’ या एका शब्दात मिळते, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

इंग्रजी वाक्यात होकारार्थी ‘कॅन’वर सहसा जोर नसतो. त्यातला स्वर आक्रसतो आणि शब्द ‘कन्’ किंवा त्याहूनही पुसट असा ऐकू येतो. सगळा भार पुढच्या क्रियापदावर जातो: ‘आय कन् सेंड इट’. नकारार्थी रूपात मात्र स्वर पूर्ण राहतो आणि त्यावर भारही असतो. ब्रिटिश उच्चारात तो स्वर ‘कान्ट’ असा दीर्घ असल्याने फरक सहज कळतो. अमेरिकी उच्चारात तो ‘कॅन्ट’ असा असतो आणि शेवटचा ‘ट’ पुष्कळदा तोंडातच अडवला जातो, स्पष्ट सुटत नाही. मग ऐकणाऱ्याकडे ओळखीची खूण म्हणून प्रामुख्याने स्वराची पूर्णता आणि त्यावरचा भारच उरतो. आपण सावकाश, प्रत्येक शब्दाला सारखे वजन देऊन ‘कॅन’ उच्चारलेत, म्हणजे नेमकी नकाराचीच खूण दिलीत. आपला उच्चार अस्पष्ट होता म्हणून हा गैरसमज झालेला नाही, भार चुकीच्या जागी होता म्हणून झाला. पुढच्या वेळी ‘सेंड’वर जोर द्या आणि ‘कॅन’ निसटू द्या. वाक्याच्या शेवटी किंवा छोट्या उत्तरात, उदाहरणार्थ ‘येस, आय कॅन’, तो शब्द पूर्ण उच्चारला जातो. तेथे भीती नाही.

आता शब्दांतर्गत आघाताकडे वळते. मराठीत आघात असतोच, पण केवळ आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे लहानपणापासून आपल्या कानाला तिकडे लक्ष द्यावेच लागलेले नाही. इंग्रजीत आघातयुक्त अवयव थोडा अधिक लांब आणि ठळक असतो, त्यावर सुराची उंची बदलते आणि त्यातला स्वर पूर्ण असतो. आपले शिक्षक आपल्याला एवढे सांगतात, पण दुसरी अर्धी गोष्ट बहुधा राहून जाते: उरलेले अवयव दुबळे करावे लागतात. त्यांतील स्वर पुष्कळदा आपल्या ऱ्हस्व ‘अ’च्या जवळ येतो, मग लिखाणात तेथे ‘ए’ असो, ‘ओ’ असो की ‘आय’ असो. हा ‘अ’ मराठी माणसाला जन्मतः मिळालेला आहे. त्याचा उपयोग करण्याचे धाडस मात्र आपण करत नाही, कारण लिहिलेले प्रत्येक अक्षर प्रामाणिकपणे उच्चारण्याची आपली सवय आहे.

एकाच कुळातले तीन शब्द घेते. ‘फो-ट-ग्राफ’ यात आघात पहिल्या अवयवावर आहे. ‘फ-टॉ-ग्र-फी’ यात तो दुसऱ्यावर सरकतो, आणि त्याबरोबर पहिला ‘फो’ आक्रसून ‘फ’ होतो. ‘फो-ट-ग्रॅ-फिक’ यात तो तिसऱ्यावर जातो. तिन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिले, तर आघात आणि स्वर ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हे कानालाच पटते. आपल्या पहिल्या प्रश्नाशी निगडित शब्दांतही हाच खेळ आहे. ‘पॉसिबल’मध्ये भार ‘पॉ’वर आहे आणि ‘इम्पॉसिबल’मध्येही तो तेथेच राहतो, ‘पॉसिबिलिटी’मध्ये मात्र तो ‘बि’वर उडी घेतो. ‘प्रॉबेबल’ आणि ‘प्रॉबेबिलिटी’ यांचे नाते अगदी तसेच आहे. ‘परहॅप्स’मध्ये भार दुसऱ्या अवयवावर आहे. ‘मेबी’ हा एक शब्द असताना भार ‘मे’वर असतो, ‘ही मे बी लेट’ या वाक्यात दोन सुटे शब्द आहेत आणि सर्वसाधारणपणे भार ‘लेट’वर जातो. ज्यांना लिहिताना हे दोन्ही एकच वाटतात, त्यांनी उच्चारून पाहावे.

नियम आहेत का, तर आहेत, आणि ते प्रत्ययांच्या बाबतीत सर्वाधिक भरवशाचे आहेत. ‘शन’, ‘इक’, ‘इटी’ यांनी संपणाऱ्या शब्दांत भार त्या प्रत्ययाच्या लगेच आधीच्या अवयवावर येतो. अपवाद अर्थातच आहेत. ‘अ‍ॅरबिक’ आणि ‘कॅथलिक’ या शब्दांत तो पहिल्यावरच राहतो. ‘इंजिनिअर’, ‘एम्प्लॉयी’, ‘जॅपनीज’ यांसारख्या शब्दांत प्रत्यय स्वतःच भार ओढून घेतो. ‘नेस’, ‘फुल’, ‘ली’, ‘मेंट’ हे प्रत्यय बहुधा भाराला धक्का लावत नाहीत. म्हणून ‘डिव्हेलप’मध्ये भार ‘व्हे’वर आहे, तसाच ‘डिव्हेलपमेंट’मध्येही तो ‘व्हे’वरच राहतो. तुमच्या सहकाऱ्याला हेच ऐकायचे होते.

दोन अवयवांच्या काही शब्दांत नाम आणि क्रियापद यांचा भेद केवळ भाराने होतो. ‘रे-कॉर्ड’ हे नाम, त्यात भार आधी. ‘रि-कॉर्ड’ हे क्रियापद, त्यात भार नंतर. ‘प्रेझंट’ म्हणजे भेटवस्तू आणि ‘प्रिझेंट’ म्हणजे सादर करणे. हा नियम फार मोहक आहे, त्यामुळे विद्यार्थी तो सगळीकडे लावू लागतात. म्हणून सांगते की, ‘रिपोर्ट’, ‘कंट्रोल’, ‘सपोर्ट’ हे शब्द नाम असोत वा क्रियापद, भार दुसऱ्यावरच असतो आणि ‘आन्सर’, ‘व्हिजिट’, ‘प्रॉमिस’ यांत तो दोन्ही वेळा पहिल्यावर असतो.

नवशिकी

आपण दोघांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ‘कधी कधी’ आणि ‘कदाचित’ यांची कसोटी मी आजच वापरून पाहिली. ‘कॅन’विषयीचे स्पष्टीकरण वाचून तर कित्येक जुन्या संभाषणांचा उलगडा झाला.

एक उपप्रश्न आहे. भूतकाळाविषयी बोलताना ‘कुड हॅव’ हे दोन अगदी वेगळ्या अर्थांनी येते असे मला जाणवते. ‘पत्र पोहोचले असेल’ आणि ‘पत्र पोहोचू शकले असते’ या दोन्हींसाठी ते कसे चालते? शिवाय शब्दकोशांत एकाच शब्दाचा आघात दोन प्रकारे दाखवलेला दिसतो. अशा वेळी कोणता ग्राह्य मानावा?

उत्तर — जुना वाचक

आधी आघाताचे पाहू. ‘लॅबोरेटरी’ या शब्दात ब्रिटिश उच्चारात भार दुसऱ्या अवयवावर असतो आणि अमेरिकी उच्चारात पहिल्यावर. ‘अ‍ॅडव्हर्टाइजमेंट’मध्येही ब्रिटिश भार दुसऱ्या अवयवावर असतो, तर अमेरिकी उच्चारात तो बहुधा तिसऱ्यावर जातो. दोन्ही बरोबरच आहेत. ज्यांच्याशी आपले रोजचे बोलणे आहे त्यांचा प्रकार निवडावा आणि एकाच शब्दकोशाला धरून राहावे. बहुतेक विद्यार्थी-शब्दकोशांत आघाताची छोटी उभी रेघ भार असलेल्या अवयवाच्या आधी वरच्या बाजूला असते आणि तशीच खालच्या बाजूला दिलेली रेघ दुय्यम भार दाखवते. काही अमेरिकी शब्दकोशांत मात्र खूण अवयवानंतर येते. म्हणून शब्दकोशाच्या प्रारंभीची सूचना वाचल्याशिवाय खुणेवर विसंबू नये. मी स्वतः अनेक शब्द या एका चुकीमुळे वर्षानुवर्षे उलटे उच्चारत होतो.

वरील नियम उपयुक्त आहेत, याविषयी दुमत नाही. तरीही नियमांच्या यादीने सुरुवात करावी असे मला वाटत नाही. रोजच्या कामात येणारे वीस-तीस शब्द निवडून त्यांचा भार आधी पक्का करावा. सरावाची माझी पद्धत अशी: भार असलेला अवयव एकटाच मोठ्याने म्हणावा, मग त्याला मागचे आणि पुढचे अवयव हलकेच चिकटवावेत. ‘व्हे’, ‘व्हेलप’, ‘डिव्हेलप’, ‘डिव्हेलपमेंट’. पहिल्या अवयवापासून सुरुवात केली की जुनी सवय लगेच जागी होते.

आता ‘कुड हॅव’. येथेही मराठीचाच आधार घ्यावा, कारण ‘असेल’ आणि ‘असते’ यांत आपण जो भेद करतो तो या ठिकाणी इंग्रजीपेक्षा अधिक स्वच्छ आहे. काय घडले हे अजून ठाऊक नाही, तेव्हा ‘पोहोचले असेल’: ‘द लेटर मे हॅव रीच्ड हिम’, येथे ‘माइट हॅव’ किंवा ‘कुड हॅव’ही चालते. घडले नाही हे ठाऊक आहे आणि घडण्याजोगे होते एवढेच सांगायचे आहे, तेव्हा ‘पोहोचू शकले असते’: ‘द लेटर कुड हॅव रीच्ड हिम’; येथे ‘माइट हॅव’ चालते, पण काटेकोर लिहिणारे ‘मे हॅव’ टाळतात. म्हणजे ‘असेल’साठी तिन्ही रूपे आणि ‘असते’साठी दोनच. बाकीचा उलगडा संदर्भच करतो. ‘तो गाडी पकडू शकला’ हे याहून निराळे आहे, कारण तेथे काम प्रत्यक्ष पार पडले आहे. एकदाच घडलेल्या अशा गोष्टीसाठी ‘कुड’ न वापरता ‘वॉज एबल टू’ म्हणतात.

उच्चारात या ‘हॅव’चा ‘ह’ गळून पडतो आणि ‘माइटव्ह’, ‘कुडव्ह’ असे ऐकू येते. तो आवाज ‘ऑव्ह’ (‘चा, ची, चे’ या अर्थाच्या) या शब्दयोगी शब्दाच्या दुबळ्या उच्चारासारखाच असल्यामुळे, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी माणसेही ‘कुड ऑव्ह’ असे चुकीचे लिहून जातात. आपण कानाने ऐकून लिहीत असाल, तर एवढे सांभाळावे.

आणखी एक निरीक्षण. ‘इट माइट रेन’ यात साधारणतः भार ‘रेन’वर असतो. तोच मुद्दाम ‘माइट’वर दिला, तर ‘पडेलही, पण मला तशी खात्री नाही’ असा सूर उमटतो. शंका किती आहे हे इंग्रजी माणूस पुष्कळदा शब्द न बदलता भार बदलून सांगतो, आणि पुस्तकातल्या टक्केवारीला हे कधीच पकडता येत नाही.

नवशिकी

वरील सर्व वाचून मी एक वाक्य रचले आहे, कृपया तपासावे: ‘द फाइल माइट नॉट हॅव रीच्ड हिम, सो ही मस्टन्ट हॅव सीन इट येट, ही कुड कॉल अस इन द इव्हनिंग.’ मला म्हणायचे आहे की, फाइल कदाचित त्याच्यापर्यंत पोहोचली नसेल, त्यामुळे त्याने ती अजून पाहिली नसेल. तो संध्याकाळी आपल्याला दूरध्वनी करण्याची शक्यता आहे.

उत्तर — व्याकरणप्रेमी

पहिला आणि तिसरा भाग निर्दोष आहेत. ‘कुड’ऐवजी ‘माइट’ घेतले तर ‘तो करू शकेल, हवे तर सांगा’ असा सूचनेचा अर्थ निघण्याची शक्यता उरत नाही, एवढाच फरक.

मधल्या भागात ‘मस्टन्ट’ नको, हे आपल्यालाही आता जाणवेल. त्याच्या जागी ‘कान्ट हॅव सीन’ घालण्याचा मोह होईल, पण तेही येथे बसत नाही. फाइल पोहोचली नाही याची खात्री असती, तर त्याने ती पाहिलेली असणे अशक्य, म्हणून ‘कान्ट हॅव’ योग्य ठरले असते. आपल्या पहिल्याच भागात ‘पोहोचली नसेल’ अशी केवळ शंका आहे, आणि शंकेवरून खात्रीचे अनुमान निघत नाही. आपल्या मराठी वाक्यात आपण दोन्ही ठिकाणी ‘नसेल’ असेच लिहिले आहे. इंग्रजीतही दोन्ही ठिकाणी तीच पातळी ठेवावी: ‘द फाइल माइट नॉट हॅव रीच्ड हिम, सो ही माइट नॉट हॅव सीन इट येट.’ दूरध्वनीवर हे बोलताना ‘नॉट’, ‘रीच्ड’ आणि ‘सीन’ यांवर भार द्यावा आणि दोन्ही ‘हॅव’ निसटू द्यावेत.